राईचा पर्वत आणि त्यांतली राई

आजच्या भाषणाचा विषय मानसशास्त्राचा असला, तरी मी मानसशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुण्याच्या पेठांतील शाळांतून छत्तीस वर्षें मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविलेला मी एक साधा मास्तर आहें. परंतु ज्या शास्त्राचे शोध मुलांविषयीं असतात, त्यांचा बरावाईट परिणाम शेवटीं वर्गांतील बांकावरच होतो. आणि त्या बांकापासून चार हातांवर उभें राहून तो परिणाम पाहण्याची संधि मला मिळाली. तेवढ्याच अधिकारानें मी बोलणार आहें.

प्रश्न असा आहे. मनाविषयींचे कांहीं शोध मोठ्या गाजावाजानें जगापुढें येतात. कोणी म्हणतो, मुलाची बुद्धि एका आंकड्यांत सांगतां येते. कोणी म्हणतो, गुरूनें नुसती अपेक्षा ठेवली कीं शिष्य हुषार होतो. कोणी म्हणतो, चार वर्षांच्या पोरानें खाऊसाठीं किती वेळ धीर धरला, यावरून त्याचें पुढील आयुष्य ओळखतां येतें. दहावीस वर्षें हे शोध पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि पालकसभांतून फिरतात. मग दुसरे संशोधक येतात, हिशेब पुन्हां तपासतात आणि बेरीज चुकली होती असें सांगतात. अशा वेळीं आपण शिकलेलीं माणसें दोहोंपैकीं एक गोष्ट करतों. कांहीं जण पहिल्या शोधाला चिकटून राहतात. कांहीं जण "हें सारें थोतांडच" म्हणून पाटी कोरी करून टाकतात. या दोहोंच्या मधून एखादी वाट आहे काय? राईचा पर्वत झाला होता हें कळल्यावरहि त्यांतली राई उचलून घेतां येते काय? हें आज इतिहासाच्या आधारें पाहावयाचें आहे.

आरंभ पॅरिसपासून केला पाहिजे. १९०४ सालीं फ्रान्सच्या शिक्षणखात्यानें एक समिति नेमली. सक्तीच्या शिक्षणामुळें सर्व थरांतील मुलें शाळेंत आलीं होतीं, आणि त्यांतील कांहींना वर्गाबरोबर चालतां येत नव्हतें. अशीं मुलें कोणतीं हें शिक्षकाच्या लहरीवर न सोडतां ओळखावें आणि त्यांना निराळें साहाय्य द्यावें, असा हेतु होता. आल्फ्रेद बिने आणि त्याचा सहकारी थिओदोर सिमाँ यांनीं १९०५ सालीं तीस लहान लहान प्रश्नांची एक मालिका तयार केली. चित्रांतील वस्तु ओळखणें, ऐकलेले आंकडे पुन्हां म्हणून दाखविणें, दोन वजनांतील जड कोणतें तें सांगणें, असे ते साधे प्रश्न होते. १९०८ सालीं त्यांनीं मालिकेंत सुधारणा केली. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला साधारणपणें सुटतो हें ठरविलें, आणि त्यांतून 'मानसिक वय' ही कल्पना पुढें आली.

बिने स्वतः आपल्या साधनाविषयीं फार सावध होता. बुद्धि ही जन्मतः ठरलेली आणि कशानेंहि न वाढणारी राशि आहे, असें मानणाऱ्यांचा त्यानें १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत स्पष्ट निषेध केला. मागें पडलेल्या मुलांसाठीं अवधान आणि स्मरण यांचे व्यायामहि त्यानें सुचविले. वैद्य नाडी पाहतो ती उपचार करण्यासाठीं. नाडीचे ठोके रोग्याच्या कपाळावर गोंदून ठेवण्यासाठीं नव्हे. बिनेची कसोटी ही अशी नाडीपरीक्षा होती. १९११ सालीं तो वारला, आणि त्याची कसोटी दुसऱ्यांच्या हातीं गेली.

१९१२ सालीं जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यानें मानसिक वयाला खऱ्या वयानें भागण्याची युक्ति सुचविली. १९१६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यानें त्या भागाकाराला शंभरानें गुणिलें, आणि बुद्ध्यंक रूढ झाला. दहा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलाइतकेंच आलें तर त्याचा बुद्ध्यंक ८०. गणित किती सोपें! परंतु त्या सोपेपणांतच पुढील अनर्थाचें बीज होतें. बिनेनें ज्याला 'आज हें मूल येथें अडतें' असें म्हटलें असतें, त्याला आतां 'हें मूल ८० चें आहे' असें म्हणतां येऊं लागलें. पहिल्या वाक्यानंतर शिक्षकाला काम असतें. दुसऱ्या वाक्यानंतर काम संपतें.

१९१७ आणि १९१८ या दोन वर्षांत, पहिलें महायुद्ध चालू असतांना, अमेरिकन सैन्यांतील सुमारें साडेसतरा लाख लोकांची घाऊक बुद्धिपरीक्षा घेण्यांत आली. तींतील कित्येक प्रश्न अमेरिकेंतील रोजच्या जीवनाची माहिती असणाऱ्यालाच सुटावेत असे होते. तरीहि त्या आंकड्यांच्या बळावर कार्ल ब्रिगॅम या विद्वानानें १९२३ सालीं एक ग्रंथ लिहून दक्षिण व पूर्व युरोपांतून आलेले लोक बुद्धीनें हलके असल्याचें प्रतिपादन केलें. पुढच्याच वर्षीं त्या प्रदेशांतून येणाऱ्या लोकांवर कडक निर्बंध घालणारा कायदा अमेरिकेंत झाला. १९३० सालीं मात्र ब्रिगॅमनेंच जाहीरपणें कबूल केलें कीं, अशा कसोट्यांनीं निरनिराळ्या देशांच्या लोकांची तुलना करतां येत नाहीं आणि आपले निष्कर्ष निराधार होते. बिनेची कसोटी १९०८ सालीं अमेरिकेंत नेणारा आणि बुद्धिमांद्य हें वंशपरंपरेनें उतरतें असें सांगत फिरणारा हेन्री गॉडर्ड यानेंहि १९२८ सालीं आपलें मत बदलल्याचें मान्य केलें. विद्वानांनीं आपली चूक कबूल केली हें त्यांना भूषणावहच होय. परंतु कबुली ग्रंथालयांत राहिली आणि आंकडा गांवभर फिरत राहिला.

आतां आपण आपल्या भागाकडे वळूं. ज्या काळांत हें चाललें होतें त्याच काळांत हिंदुस्थानांतहि बुद्धिमापनाचे प्रयत्न सुरू झाले. लाहोरच्या हर्बर्ट राइस यांनीं हिंदुस्थानी भाषेंत बिनेच्या कसोटीची एक आवृत्ति तयार केली. आपल्या मुंबई इलाख्यांत हें काम व्ही. व्ही. कामत यांनीं केलें. धारवाडच्या परिसरांत मुलांच्या परीक्षा घेऊन त्यांनीं ती कसोटी येथील मुलांना लावून पाहिली. १९३४ सालीं त्यांचा वृत्तांत इंग्लंडमधील शिक्षणविषयक मानसशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आणि १९४० सालीं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ निघाला. बिने-कामत कसोटी या नांवानें ती पुढें कित्येक दशकें महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत वापरली गेली.

या कामांतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कामतांनीं कसोटी एका भाषेंत केली नाहीं. ती कन्नड आणि मराठी अशा दोन भाषांत केली. धारवाडपासून कोल्हापूर-सोलापुरापर्यंतच्या पट्ट्यांत एकाच गल्लींत दोन्ही भाषा नांदतात. मुलाला ज्या भाषेंत त्याची आई हांक मारते त्या भाषेंत प्रश्न विचारला नाहीं, तर त्याच्या बुद्धीचें माप न होतां परक्या भाषेच्या परिचयाचें माप होतें. ही साधी गोष्ट अमेरिकन सैन्यांतील परीक्षकांना सुचली नाहीं. धारवाडच्या शिक्षकाला सुचली. आणि ती मला, धारवाडनंतर पन्नास वर्षांनीं, सुचली नाहीं. तें कसें, तें आतां सांगतों.

१९८४ सालची गोष्ट. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. बाहेरून एक परीक्षक आले, त्यांनीं दोन दिवस मुलांना प्रश्न घातले, आणि आठवड्यानें एक यादी आली. प्रत्येक नांवापुढें एक आंकडा होता. आमच्या वर्गांत अक्कलकोटकडून आलेला एक मुलगा होता. बाप मंडईच्या बाजूला हातगाडीवर भाजी विकीत असे. मुलगा गप्प बसे; विचारलें तर खालीं पाही. त्याच्या नांवापुढें ७४ हा आंकडा होता. तरुण वयांत छापील आंकड्याचा मोठा दरारा वाटतो. मला वाटलें, आपल्याला जें अंधुकपणें वाटत होतें तें शास्त्रानें सिद्ध केलें. मीं त्याला शेवटच्या बांकावर बसविलें. त्याला प्रश्न विचारणें मीं हळूहळू सोडून दिलें. त्याला ओशाळें करूं नये असा दयाळूपणाचा विचारहि त्यांत होता. बाप एकदां भेटावयास आला तेव्हां मीं त्याला समजुतीच्या सुरांत सांगितलें कीं, मुलाकडून शाळेची फार अपेक्षा ठेवूं नका.

दिवाळीच्या सुटीनंतर मुलगा आला नाहीं. पंधरा दिवसांनीं मी मंडईकडे गेलों. गाडीवर तोच उभा होता. मीं पावणेदोन किलो कांदे घेतले, २ रुपये ४० पैसे भावाचे; आणि अर्धा किलो वांगीं, ३ रुपयांचीं. दहाची नोट पुढें केली. मी मनांत गुणाकार मांडतों आहें तोंच त्यानें ४ रुपये ३० पैसे माझ्या हातावर ठेवले, आणि बापाकडे वळून कन्नडमध्यें कांहींतरी भराभर बोलून तो हंसला. वर्षभरांत मीं त्याचा एवढा आवाज ऐकला नव्हता. मीं बापाला म्हटलें, याला शाळेंत पाठवा. बाप कांद्यांची पाखड करीत होता. मान वर न करतां तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच सांगितलं की हो, पोराला शाळा झेपायची नाही म्हणून. मग इथं तरी हात लावू दे." पुढच्या जूनमध्यें ती गाडी तेथें नव्हती. चौकशी करूनहि पत्ता लागला नाहीं.

श्रोतेहो, त्या कसोटींत कांहींच सत्य नव्हतें असें मी म्हणत नाहीं. मराठी शाळेंत, मराठी प्रश्न ऐकून, तो मुलगा खरोखरच अडत होता. कसोटीनें तें बिनचूक दाखविलें. 'हें मूल येथें अडतें आहे, कां अडतें तें पाहा' एवढीच त्यांतली राई होती. ती मीं उचलली असती तर मला कन्नडचे चार शब्द शिकावे लागले असते, त्याच्या शेजारीं बसावें लागलें असतें. मीं पर्वत उचलला. कारण पर्वतानें मला या साऱ्या खटाटोपांतून मोकळें केलें. पुढें वाचनांत मला समजलें कीं त्या आंकड्यांचें वजनमापहि स्थिर नसतें. जेम्स फ्लिन या संशोधकानें १९८४ आणि १९८७ सालीं दाखवून दिलें कीं, पुष्कळ देशांत एका पिढीपेक्षां पुढच्या पिढीचे गुण वाढत गेले आहेत. अमेरिकेंत तर दर दशकाला सुमारें तीन गुणांनीं. ज्या मापाचें शून्यच असें सरकतें, त्या मापानें मुलाचें आयुष्य कायमचें मोजावयाचें कसें?

पुण्याच्या इतिहासांत याहून वेगळा आणि अधिक समाधानकारक असाहि एक प्रसंग आहे. १९६२ सालीं डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनीं ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, आणि १९६९ सालीं तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धिमान मुलें निवडावीं आणि त्यांच्या बुद्धीला समाजकार्याचें वळण द्यावें, असा तेथील विचार. अशा ठिकाणीं बुद्धि म्हणजे काय हा प्रश्न टाळतां येत नाहीं. अमेरिकेंतील जे. पी. गिलफर्ड यांनीं त्या काळांत बुद्धीचें एक निराळेंच चित्र मांडलें होतें. बुद्धि ही एक राशि नसून पांच प्रकारच्या क्रिया, चार प्रकारचे विषय आणि सहा प्रकारचीं फलितें यांच्या गुणाकारानें होणाऱ्या १२० निरनिराळ्या शक्तींचा समूह आहे, असें त्यांचें म्हणणें. पुढें त्यांनीं ही संख्या १५० वर आणि नंतर १८० वर नेली. ज्ञान प्रबोधिनींत डॉ. उषा खिरे प्रभृतींनीं या विचाराचा आधार घेऊन संशोधन केलें आणि आपल्या मुलांसाठीं कसोट्या रचल्या.

गिलफर्ड यांचा तो भव्य चौकोनी वाडा पुढें टिकला नाहीं. १९७३ सालीं जॉन हॉर्न आणि जॉन नॅप यांनीं दाखवून दिलें कीं, ज्या गणिती रीतीनें या शक्ति सिद्ध झाल्या असें म्हटलें जात होतें, तिच्या योगानें केवळ चिठ्ठ्या टाकून बनविलेला सिद्धान्तहि तितकाच सिद्ध करतां येतो. १२० खोल्यांचा वाडा कागदावरचा ठरला. मग त्याच्या आधारानें झालेलें सारें काम वायां गेलें काय? तसें म्हणतां येणार नाहीं. गिलफर्ड यांनीं १९५० सालच्या आपल्या अध्यक्षीय भाषणांत मानसशास्त्रज्ञांना एक गोष्ट बजावली होती: एकच बरोबर उत्तर शोधणें ही एक शक्ति, आणि एका प्रश्नाचीं अनेक उत्तरें सुचणें ही दुसरी, शाळा पहिलीचीच परीक्षा घेतात. हा भेद वाडा कोसळल्यावरहि उभा राहिला. 'विटेचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा' हा त्या परंपरेंतील प्रसिद्ध प्रश्न. मीं तो चौथीच्या वर्गांत विचारून पाहिला. पहिल्या बांकावरील मुलांनीं घर आणि भिंत यांपाशीं हात टेकले, मागच्या बांकावरची एक मुलगी म्हणाली, "पाऊस आला की चिखलात ठेवून त्यावरून चालायचं, चूल मांडायची, आणि दाराला पाचर नसली की लावायची." तिच्या घरीं विटेचे हे सर्व उपयोग चालू होते. १२० हा आंकडा मी विसरलों तरी चालेल. असा प्रश्न रोज एक विचारणें विसरून चालणार नाहीं.

तिसरें उदाहरण मास्तरलोकांच्या फारच जिव्हाळ्याचें आहे. १९६८ सालीं रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. कॅलिफोर्नियांतील एका प्राथमिक शाळेंत त्यांनीं शिक्षकांना कांहीं मुलांचीं नांवें दिलीं आणि सांगितलें कीं, कसोटीवरून पाहतां हीं मुलें या वर्षीं एकदम फुलणार आहेत. वस्तुतः सुमारें एकपंचमांश मुलांचीं तीं नांवें नुसती सोडत काढून निवडलेलीं होतीं. वर्षअखेर पहिली-दुसरींतील त्या मुलांचे गुण इतरांपेक्षां अधिक वाढलेले आढळले. झालें! गुरूची अपेक्षा हाच परीस, असा बोभाटा जगभर झाला.

तपासणी सुरू झाली ती त्याच वर्षीं. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनीं दाखविलें कीं, मूळ कसोटी लहान मुलांना योग्य नव्हती आणि तिचे कांहीं आंकडे तर अशक्य कोटींतले होते. वरच्या इयत्तांत तर परिणाम दिसलाच नव्हता. १९८४ सालीं स्टीफन रॉडनबुश यांनीं अशा अठरा प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हां असें निघालें कीं, शिक्षकाला मुलांचा परिचय दोन आठवड्यांहून अधिक झालेला असेल, तर बाहेरून दिलेल्या यादीचा परिणाम जवळ जवळ शून्य होतो. ज्यानें मूल पाहिलें आहे तो कागदाला सहज भुलत नाहीं! पुढील संशोधनाचा निष्कर्ष असा कीं, अपेक्षेचा परिणाम खरा आहे, पण तो बहुधा लहान असतो. आणि ज्या मुलांकडे समाज आधींच हलकेपणानें पाहतो, त्यांच्या बाबतींत मात्र तो अधिक असूं शकतो. परिणाम होतो तो अपेक्षेच्या जादूनें नव्हे. ज्याच्याविषयीं आशा आहे त्याच्याकडे शिक्षक अधिक वेळा वळतो, त्याला अधिक कठीण काम देतो, उत्तरासाठीं अधिक थांबतो, आणि चूक झाली तर ती समजावून सांगतो. मीं अक्कलकोटच्या मुलाच्या बाबतींत या चारहि गोष्टी बंद केल्या होत्या.

पुण्याला हें सत्य कॅलिफोर्नियाकडून शिकण्याची गरज नव्हती. १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, आणि पुढें महार-मांगांच्या मुलांसाठींहि शाळा चालविल्या. या मुलांना विद्या येणार नाहीं आणि येऊंहि नये, असें मानणारा समाज भोंवतालीं होता. त्याच्याजवळ कसोटी नव्हती, पण निकाल तयार होता. १८५५ सालीं त्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयींचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. ज्यांना वाचतां येणार नाहीं असें ठरलेलें होतें त्यांच्यांतील एक बालिका लिहूं लागली, आणि तिच्या लेखणींतून समाजालाच प्रश्न उमटले. परंतु फुल्यांनीं नुसती उदार अपेक्षा बाळगली नव्हती. सावित्रीबाई अंगावर चिखल-शेण झेलीत शाळेंत जात. जोतीरावांनीं घर सोडलें, पैसा उभा केला, शिक्षक मिळविले. आणि १८८२ सालीं हंटर आयोगापुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा अशी मागणी मांडली. ही सारी मेहनत वगळून 'अपेक्षेचें सामर्थ्य' एवढेंच सांगणें म्हणजे विहीर खणल्यावांचून पाणी लागल्याचें सांगणें होय.

आतां खाऊचा प्रयोग. वॉल्टर मिशेल यांनीं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्डच्या बालशाळेंत मुलांपुढें खाऊ ठेवून, 'मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील' असें सांगून, तीं किती थांबतात तें पाहिलें. १९९० सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लिहिलें कीं, अधिक थांबलेलीं मुलें पुढें परीक्षांत अधिक चमकलीं. यावरून चौथ्या वर्षींच्या धीरावर सारें भवितव्य अवलंबून असल्याचा डांगोरा पिटला गेला. २०१८ सालीं टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं नऊशेंहून अधिक मुलांच्या माहितीवरून तपासलें, तेव्हां तो संबंध सुमारें निम्माच भरला. आणि घरची परिस्थिति जमेस धरल्यावर तर त्यांतलाहि पुष्कळसा भाग उडाला. मग उरलें काय? २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या सेलेस्ट किड यांच्या एका लहानशा प्रयोगांत तें दिसतें. ज्या मुलांना आधीं दिलेला शब्द मोठ्या माणसानें पाळला, तीं सरासरी सुमारें बारा मिनिटें थांबलीं. ज्यांच्या बाबतींत शब्द मोडला, तीं सुमारें तीन मिनिटें. म्हणजे आपण मुलाचा धीर मोजीत आहों असें समजत होतों, आणि तेथें पुष्कळसें मोजलें जात होतें तें मोठ्यांचें वचन. 'संध्याकाळीं बागेंत नेईन' असें सांगून न नेणाऱ्या बापानें मुलाच्या उतावळेपणाची तक्रार करूं नये.

या चार कथांत एक समान सूत्र आहे, आणि तेंच मला आज सांगावयाचें आहे. प्रत्येक शोधांतील फुगलेला भाग मोठ्या माणसांचे कष्ट वांचविणारा होता. आंकडा कळला कीं मुलाला समजून घेण्याचे कष्ट वांचतात. अपेक्षा ठेवली कीं शिकविण्याचे कष्ट वांचतात. धीर जन्मजात ठरला कीं शब्द पाळण्याचे कष्ट वांचतात. उलट, तपासणीच्या चाळणींतून जें उरलें तें प्रत्येक वेळीं लहान, अटींनीं बांधलेलें आणि आपल्याकडून कांहींतरी काम मागणारें निघालें. म्हणून नवा शोध ऐकला कीं मी स्वतःला विचारतों: हा मला उद्यां सकाळीं अधिक काम सांगतो कीं कमी? कमी सांगत असेल तर मी सावध होतों. ही कसोटी शास्त्रीय नाहीं. शास्त्रीय तपासणी विद्वानांनींच केली पाहिजे, आणि तिला वीसवीस वर्षें लागतात. पण मूल वीस वर्षें तिसरींत थांबत नाहीं. तोंवर घरांतल्या आणि वर्गांतल्या माणसाला कांहींतरी हातीं असावें लागतें.

येथें एक भेद मात्र केला पाहिजे. राईचा पर्वत निराळा आणि राईच नसतांना उभा केलेला पर्वत निराळा. मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन त्यांची बुद्धि, स्वभाव आणि योग्य व्यवसाय सांगणाऱ्यांचीं दुकानें आपल्या शहरांत निघालीं. बोटांवरील रेषा गर्भांतच घडतात आणि पुढें बदलत नाहींत, हें खरें. परंतु त्यांवरून मुलानें गणित घ्यावें कीं गायन, हें कळतें याला कोणताहि प्रयोगाचा आधार नाहीं. तेथें उचलण्यासारखी राईहि नाहीं. 'प्रत्येक गोष्टींत थोडें तथ्य असतेंच' हें वाक्य ऐकावयास उदार वाटतें, पण तें आळसाचेंच दुसरें रूप आहे. तथ्य किती आणि कोठें, हें दाखवितां आलें पाहिजे.

शेवटीं, माझ्या श्रोत्यांपैकीं जे आईबाप, आजीआजोबा आहेत त्यांना एवढेंच विनवितों. आपल्या मुलाच्या नांवापुढें एखादा आंकडा लिहून आला, तर तो मोठा असो वा लहान, त्याच्यापाशीं थांबूं नका. प्रश्न कोणत्या भाषेंत विचारले, मूल त्या दिवशीं कसें होतें, कोणत्या प्रश्नावर अडलें, हें विचारा. आणि ज्या ठिकाणीं तें अडलें त्या ठिकाणीं त्याच्या शेजारीं बसा. मोठ्या आंकड्यानें हुरळून जाऊन मुलाला सारखें 'हुषार हुषार' म्हणून सोडून देणें हेंहि एक प्रकारें शेवटच्या बांकावर बसविणेंच आहे.

मीं हें ज्या मुलापासून शिकलों तो आज पन्नाशींत असेल. मंडईच्या बाजूस गेलों म्हणजे अजूनहि मी गाड्यांवरील माणसांचे चेहरे पाहतों, आणि कोणी सुटे पैसे भराभर मोजून हातावर ठेवले कीं क्षणभर थांबतों.